कानामागचं हाड

सकाळी गार इंजिन सुरू केलं की
पहिली दोनेक मिनिटं आत कुणीतरी
ओली चप्पल आपटत जिना उतरायचं.
मग गप्प.
मी रेडिओ मोठा केला. तीन आठवडे.
दिवसभर लोकांचे कान तपासणारी बाई मी,
हडर्सफील्डच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
आवाजबंद खोलीच्या काचेपलीकडून
"ऐकू आलं की बटण दाबा" म्हणणारी,
आणि स्वतःचा रेडिओ मोठा.

लॉकवुडला, रेल्वेच्या उंच पुलाखाली
नॉर्मन साइक्सचं गॅरेज.
त्याने बॉनेट उघडलं, हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला,
टोक टेकवलं इंजिनाच्या कव्हरवर
आणि मूठ कानात नाही, कानामागे. हाडावर.
डोळे मिटले.

त्याच हाडावर मी रोज कुणाच्या ना कुणाच्या
कंपनाची बारकी डबी बसवते.
त्याच्याही बसवली होती, गेल्या ऑक्टोबरात.
त्याचा आलेख अजून डोळ्यांपुढे आहे:
चार हजारांपाशी सरळ विहीर.
पाखरं, किटलीची शिट्टी, नातीचे स आणि श,
सगळं त्या विहिरीत.
पण ही फटफट खालच्या पट्टीतली.
ही त्याच्या हद्दीत होती.

"पट्टा सैल पडलाय," तो म्हणाला. "टायमिंगचा.
ताण धरणारी कप्पी गेलीय. एक दात जरी सुटला
तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील, मग इंजिन भंगारात.
गाडी इथंच राहू दे. घरापर्यंतसुद्धा नेऊ नका."
घर दीड मैलावर.
"दाखवा ना."
"दाखवायला उघडावं लागेल.
आणि उघडलं की बदलायचाच."

बाहेर येऊन दिराला फोन लावला, चिपळूणला.
"चारशे ऐंशी पौंड? थांबा वहिनी, रुपयांत करतो.
नको, नाही करत.
आणि विश्वास म्हणाल, तर तो
केव्हाच पानिपतात गेला."
वरून दोन डब्यांची गाडी गेली,
पुलाखालची कबुतरं उडाली, पुन्हा तिथंच बसली.

मला माझ्या समोरची खुर्ची आठवली.
तिथं बसलेल्या माणसाला मी कागदावरची रेघ दाखवते,
सांगते, हे हे तुम्हाला ऐकू येत नाही.
जे ऐकूच येत नाही ते येत नाही,
हे त्याने कशावरून मानायचं?
माझ्या तोंडावरून. मान हलवतात बिचारे.

किल्ली दिली.
जुडग्यात घराचीही गेली,
अर्ध्या चढावरून परत येऊन सोडवून घेतली.

शुक्रवारी जुना पट्टा त्याने पिशवीत घालून पुढे केला.
"बघून घ्या."
मी दात मोजायला लागले, तिसाच्या पुढे नाद सोडला.
सगळे जागेवर वाटले.
एके ठिकाणी भेग, किंवा नुसती घडी.
कप्पी बोटाने फिरवली. डुगडुगली जराशी,
किंवा माझं बोट.
जे मोडलंच नाही
त्याचा पुरावा कुठून आणायचा?

पावतीसाठी त्याने बिस्किटांचा डबा उघडला:
फ्यूज, रबरं, एक तुटकी तपकिरी पेन्सिल,
आणि आमच्या खात्याची करडी पिशवी.
आत माझीच दोन श्रवणयंत्रं,
बॅटऱ्यांवरचे केशरी कागदसुद्धा
अजून सोलायचे होते.

मी पैसे दिले. गाडीत बसले. किल्ली फिरवली.
चप्पल नाही, जिना नाही,
सरळ, कंटाळवाणी घरघर.
काच खाली केली, म्हटलं,
"मिस्टर साइक्स, ती यंत्रं
डब्यात ठेवायला दिली नव्हती मी."

त्याने काळा पंजा
कानामागे नेला, त्या हाडापाशी,
वाकला,
आणि म्हणाला, "काय?"